तेहरान, १९५३ : स्वस्तातला सत्तापालट

२२ जुलै १९५२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनला रिकाम्या हाताने परत पाठवले. इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण करून अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीशी झालेला करार मोडला, अशी ब्रिटनची तक्रार होती. न्यायालयाने ९ विरुद्ध ५ मतांनी सांगितले, की १९३३चा तो करार एक सरकार आणि एक खासगी कंपनी यांच्यातला आहे, दोन राष्ट्रांमधला तह नाही. सबब हा खटला चालवण्याचा अधिकारच या न्यायालयाला पोहोचत नाही. बहुमतातल्या नऊ न्यायाधीशांपैकी एक होते सर अर्नोल्ड मॅकनेअर. ते स्वतः ब्रिटिश होते.

आदल्याच दिवशी तेहरानच्या रस्त्यांवर दुसरा निकाल लागला होता. पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांनी युद्धखाते आपल्याकडे मागितले. सैन्यावर आजवर शहांची पकड होती, त्यामुळे त्यांनी नकार दिला. मोसद्देक यांनी राजीनामा देऊन टाकला आणि त्यांच्या जागी अहमद कवाम आले. पण बाजार बंद झाला, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली, तरी गर्दी हटेना. पाच दिवसांत कवाम गेले आणि शहांना मोसद्देक यांना परत बोलवावे लागले.

एका पंतप्रधानाला जनता आणि न्यायालय या दोघांचा कौल दोन दिवसांत मिळाला, असे क्वचित घडते. त्यानंतर तेरा महिन्यांनी तेहरानच्या काख रस्त्यावरील याच पंतप्रधानाच्या घरावर रणगाड्यांनी मारा केला. त्यामागे लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन गुप्तहेर संस्था होत्या. परक्या देशाचे सरकार गुपचूप उलथवण्याचा जो मार्ग महासत्तांनी पुढे वारंवार वापरला, त्याचा एक नमुना इथे तयार झाला. तो यशस्वी ठरला, स्वस्त पडला, आणि म्हणूनच त्यातून नको तो धडा घेतला गेला.

तेल आणि मजलिस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी आल्या. १९०१ मध्ये मुझफ्फरुद्दीन शहांनी विल्यम नॉक्स डार्सी या धनाढ्य इंग्रजाला तेल शोधण्याचा ६० वर्षांचा मक्ता दिला. मोबदला होता २० हजार पौंड रोख, तितक्याच किमतीचे समभाग आणि निव्वळ नफ्याचा १६ टक्के हिस्सा. मक्त्यात जवळजवळ सगळा देश होता. फक्त उत्तरेचे पाच प्रांत वगळले होते, कारण तिथे रशिया नाराज झाला असता. पाच वर्षांनी, १९०६ मध्ये, घटनावादी चळवळीने त्याच शहांकडून राज्यघटना आणि निवडून आलेली मजलिस मिळवली. आशिया खंडातल्या सुरुवातीच्या संसदांपैकी ही एक.

मजलिशीचा जन्म होऊन वर्ष होते न होते, तोच १९०७ मध्ये रशिया आणि ब्रिटनने आपापसांत करार करून इराणचे प्रभावक्षेत्रांत वाटे केले. उत्तर रशियाची, आग्नेय ब्रिटनची, मधला पट्टा दोघांत मोकळा. ज्या देशाची वाटणी होत होती, त्याला कोणी विचारले नाही.

२६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागले. पर्शियन आखाताच्या टोकाशी आबादान बेटावर शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. ब्रिटिश आरमाराची जहाजे कोळशावरून तेलावर आणण्याचा निर्णय झाला होता आणि ब्रिटनच्या भूमीत तेल सापडलेले नव्हते. १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होण्याच्या जेमतेम आधी, आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटला पटवून २२ लाख पौंडांना हे तेल काढणाऱ्या कंपनीचे, म्हणजे पुढच्या अँग्लो-इराणियनचे, ५१ टक्के समभाग सरकारसाठी घेतले. तेव्हापासून कंपनीशी भांडण म्हणजे ब्रिटिश साम्राज्याशी भांडण, हे समीकरण पक्के झाले.

१९२१ च्या लष्करी उठावातून पुढे आलेले रझा खान १९२५ मध्ये शहा झाले. १९३३ मध्ये त्यांनी नवा करार केला, पण त्यात कंपनीची मुदत वाढून १९९३ पर्यंत गेली. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा जर्मनीकडे कल आहे, असा संशय घेऊन ऑगस्ट १९४१ मध्ये उत्तरेकडून सोव्हिएत आणि दक्षिणेकडून ब्रिटिश फौजा इराणात घुसल्या. आबादानवर उतरलेल्या त्या ब्रिटिश फौजेत मुख्यतः हिंदी सैनिक होते. रझा शहांना मुलाच्या बाजूने गादी सोडावी लागली. त्यांना घेऊन निघालेले जहाज मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आले; पण हिंदुस्थान सरकारने त्यांना उतरू दिले नाही. भर समुद्रात जहाज बदलून त्यांची रवानगी मॉरिशसला झाली, तिथून जोहान्सबर्गला, आणि १९४४ मध्ये तिथेच ते वारले. बाहेरची सत्ता नाराज झाली, की तेहरानमधले सिंहासन हलते, हे त्यांच्या एकविसाव्या वर्षी गादीवर बसलेल्या मुलाने, मोहम्मद रझा यांनी, स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत पाहिले. त्यांच्या पुढच्या बऱ्याच निर्णयांमागे ही आठवण आहे.

मोसद्देक हे याच्या अगदी उलट घडणीचे गृहस्थ. जन्म १८८२ चा, काजार राजघराण्याशी नाते, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाची कायद्याची डॉक्टरेट. पायजम्यात, पलंगावर बसून परदेशी वकिलांना भेटणारे, भाषणात डोळ्यांत पाणी येणारे, भोवळ येऊन कोसळणारे हे सत्तरीला टेकलेले पुढारी पाश्चात्त्य वार्ताहरांना हास्यास्पद वाटत. त्यांचा राजकीय विचार मात्र अगदी स्पष्ट होता. परक्या सत्तांमध्ये तोल साधायचा म्हणून इराणी राज्यकर्ते आजवर एकाला सवलत दिली, की दुसऱ्यालाही देत आले होते. मोसद्देक म्हणत, तोल साधायचाच तर कोणालाच काही न देता साधावा. डिसेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत संघ उत्तरेतल्या तेलाचा मक्ता मागत होता, तेव्हा सरकारने परदेशीयांशी तेलमक्त्याची बोलणीच करू नयेत असा कायदा मजलिशीत त्यांनीच मंजूर करून घेतला होता. पुढे ज्या माणसावर कम्युनिस्टांना वाट मोकळी करून दिल्याचा आरोप झाला, त्याने मॉस्कोला लंडनच्या आधी दार बंद केले होते.

राष्ट्रीयीकरण आणि कोंडी

१९५० साली आबादान हा जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याच्या एका बाजूला साहेबांचे बंगले, हिरवळी, क्लब. दुसऱ्या बाजूला कामगारांच्या पत्र्या-पुठ्ठ्यांच्या वस्त्या. त्यातल्या एकीला लोक कागझाबाद म्हणत. कंपनी ब्रिटिश सरकारला जितका कर भरत होती, त्याहून कितीतरी कमी रक्कम इराणला मिळत होती, आणि तेहरानला कंपनीचे हिशेब तपासता येत नव्हते. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकन कंपन्यांच्या अरामकोने सौदी अरेबियाशी निम्म्या-निम्म्या नफ्याचा करार केला. तोच प्रस्ताव ब्रिटिश कंपनीने वर्षभर आधी इराणपुढे ठेवला असता, तर कदाचित प्रकरण तिथेच मिटले असते. आता वेळ निघून गेली होती.

मार्च १९५१ मध्ये राष्ट्रीयीकरणाला विरोध करणारे पंतप्रधान रझ्मारा यांचा एका धर्मांध संघटनेच्या माणसाने खून केला. त्याच महिन्यात मजलिस आणि सिनेटने राष्ट्रीयीकरणाचा ठराव संमत केला. एप्रिलअखेर मजलिशीने मोसद्देक यांना मोठ्या बहुमताने पंतप्रधानपदी बसवले.

लंडनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. त्याने स्वतःच्या देशात कोळसा खाणी आणि रेल्वेचे राष्ट्रीयीकरण केलेले होते. इराणचे राष्ट्रीयीकरण मात्र त्याला चोरी वाटली. सैन्य पाठवून आबादान ताब्यात घेण्याची योजनाही तयार झाली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी तिला विरोध केला : दक्षिणेत ब्रिटिश फौज उतरली, तर उत्तरेत सोव्हिएत फौज उतरायला निमित्त मिळेल. ऑक्टोबर १९५१ मध्ये उरलेले ब्रिटिश कर्मचारी युद्धनौकेत बसून आबादान सोडून गेले. योगायोग असा, की रझा शहांना ज्या बेटावर धाडले होते, त्याचेच नाव त्या नौकेला होते : मॉरिशस.

त्याच महिन्यात मोसद्देक न्यूयॉर्कला गेले आणि सुरक्षा परिषदेत त्यांनी स्वतः इराणची बाजू मांडली. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना त्या वर्षीचा मानकरी ठरवले. वकिली जिंकली, पण बाजारात हार झाली. जगातले तेलवाहू टँकर आणि विक्रीचे जाळे मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात होते आणि त्या सगळ्यांनी इराणी तेलाला हात लावायला नकार दिला. जून १९५२ मध्ये इराणी तेल घेऊन निघालेले ‘रोझ मेरी’ हे जहाज ब्रिटिशांनी वाटेत गाठून एडनला नेले; त्यानंतर इतर गिऱ्हाइकेही कचरली. तुटवडा कुवेत, सौदी अरेबिया आणि इराकने भरून काढला. जगाला इराणच्या तेलावाचून काही अडले नाही, इराणची तिजोरी मात्र आटत गेली. सोव्हिएत संघाने तरी मदत करावी? युद्धकाळातल्या देण्यापोटी इराणचे ११ टन सोने त्याच्याकडे होते. ते त्याने मोसद्देक यांना दिले नाही. १९५५ मध्ये, शहांची सत्ता पक्की झाल्यावर, परत केले.

आतली भेग

बाहेरच्या कोंडीने घरातली माणसे एकमेकांपासून तुटू लागली. मोसद्देक यांच्या राष्ट्रीय आघाडीत मध्यमवर्गीय उदारमतवादी होते, बाजारातले व्यापारी होते, आयातुल्ला काशानींसारखे धर्मगुरू होते. तेलाच्या प्रश्नावर ते एकत्र आले होते, बाकी कशावर त्यांचे पटत नव्हते. स्त्रियांना मत द्यावे का, न्यायखाते कोणी चालवावे, कोणाच्या माणसाला कुठले पद मिळावे, यावरून खटके उडू लागले. १९५३ च्या सुरुवातीला काशानी उघडपणे विरोधात गेले. मोसद्देक यांनी दूर केलेले लष्करी अधिकारी आधीपासून चिडलेले होते. एप्रिलमध्ये पोलीसप्रमुख अफशारतूस यांचे अपहरण झाले आणि नंतर त्यांचा मृतदेहच सापडला.

मोसद्देक यांच्याकडूनही लोकशाहीचे नियम पाळले गेले नाहीत. १९५२ ची निवडणूक चालू असताना, गणपूर्तीपुरते ७९ सदस्य निवडून आल्याबरोबर त्यांनी उरलेले मतदान थांबवले. मतदान पुढे चालले असते, तर जमीनदार आणि लष्कराच्या दबावाखालच्या ग्रामीण भागातून विरोधक निवडून येतील, ही भीती होती आणि ती निराधार नव्हती. त्यांनी मजलिशीकडून सहा महिन्यांसाठी आणि मग आणखी एका वर्षासाठी कायदे करण्याचे विशेष अधिकार घेतले. ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतले, त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पेट्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. कोण कुठल्या पेटीकडे जातो, हे सगळ्यांना दिसत होते. वीस लाखांहून अधिक मते ‘हो’च्या पेटीत पडली, ‘नाही’च्या पेटीत बाराशेच्या आसपास. मजलिशीतली मते विकत घेतली जात आहेत, असा त्यांचा संशय होता, आणि तो खराही होता. पण त्या सार्वमताने त्यांनी आपल्याच पायाखालची जमीन काढून घेतली. मजलिस चालू असताना पंतप्रधानाला हटवणे हे तिचे काम होते; ती नसताना शहांना आता आपण फर्मान काढू शकतो, असे म्हणायला जागा मिळाली.

वॉशिंग्टनचे मत पालटते

ऑक्टोबर १९५२ मध्ये मोसद्देक यांनी ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. ब्रिटिश वकिलात बंद झाली, तसे एमआय६चे अधिकारीही गेले. मागे राहिले त्यांचे इराणी हस्तक, विशेषतः रशिदियान बंधू. वर्तमानपत्रे, मजलिस सदस्य, बाजारातले दादा या सगळ्यांशी त्यांचे देणेघेणे होते. हे जाळे ब्रिटनला वापरता येत नव्हते, म्हणून त्याने ते अमेरिकेपुढे ठेवले.

जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर अध्यक्ष झाले. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस हे दोघे सख्खे भाऊ. ट्रुमन यांना ब्रिटन आणि इराण यांच्यात तडजोड हवी होती. नव्या सरकारला वाटू लागले, की इराणचा असाच ऱ्हास होत राहिला, तर तुदेह या कम्युनिस्ट पक्षाच्या हाती देश जाईल. कोरियात युद्ध चालू होते, चीन चार वर्षांपूर्वीच माओंकडे गेला होता. लंडनमध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले होते. ब्रिटिशांनी वॉशिंग्टनशी बोलताना तेलाचे नाव कमी आणि कम्युनिझमचे नाव जास्त घेतले. कोणत्या शब्दाने अमेरिकन मन हलते, हे त्यांना ठाऊक होते.

४ एप्रिल १९५३ रोजी सीआयएच्या तेहरान कचेरीला मोसद्देक यांना खाली खेचण्यासाठी १० लाख डॉलर खर्च करण्याची मुभा मिळाली. ब्रिटिशांनी बेताला ‘बूट’ म्हटले होते, अमेरिकनांनी ‘एजॅक्स’. तो पार पाडण्याचे काम थिओडोर रूझवेल्ट यांचे नातू कर्मिट रूझवेल्ट यांच्याकडे आले. नवे पंतप्रधान म्हणून निवडले गेले जनरल फझलुल्लाह झाहेदी. याच झाहेदींना १९४२ मध्ये जर्मनधार्जिणे म्हणून ब्रिटिशांनी पकडून देशाबाहेर नेले होते. अकरा वर्षांनी तेच ब्रिटिशांच्या पसंतीस उतरले.

पैशांतून लेख आणि व्यंगचित्रे छापून आली, मोसद्देक धर्मद्रोही आणि कम्युनिस्टांचे मिंधे आहेत अशी पत्रके वाटली गेली. तुदेहच्या नावाने धर्मगुरूंना धमक्या दिल्या गेल्या. सर्वांत अवघड काम होते खुद्द शहांना तयार करण्याचे. त्यांना मोसद्देक यांच्या बडतर्फीच्या फर्मानावर सही करायची भीती वाटत होती. बहीण अश्रफ यांना परदेशातून आणले गेले, इराणी पोलीस दलाला पूर्वी प्रशिक्षण दिलेले अमेरिकन जनरल श्वार्झकॉफ येऊन भेटले, रूझवेल्ट स्वतः रात्रीच्या अंधारात राजवाड्यात जाऊन आले. शेवटी सही झाली.

चार दिवस

१५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नसीरी बडतर्फीचे फर्मान घेऊन मोसद्देक यांच्या घरी गेले. बातमी आधीच फुटली होती. नसीरी तिथेच पकडले गेले. सकाळी रेडिओने उठाव फसल्याचे जाहीर केले आणि शहा राणी सोरयांसह छोट्या विमानाने बगदादला, तिथून रोमला पळाले. झाहेदी लपून बसले. तेहरानमध्ये शहांचे आणि त्यांच्या वडिलांचे पुतळे पाडले गेले. १८ ऑगस्टला सीआयएच्या मुख्यालयाने तेहरानला कळवले, की प्रयत्न झाला आणि फसला, आता थांबावे. रूझवेल्ट थांबले नाहीत.

त्या तीन दिवसांत फर्मानाच्या छायाप्रती शहरभर आणि लष्करी छावण्यांत पोहोचवल्या गेल्या. तुदेहच्या मोर्चांमध्ये भाडोत्री लोक घुसवून तोडफोड वाढवली गेली, म्हणजे सामान्य माणसाला वाटावे, की मोसद्देक यांच्यामागून कम्युनिस्ट येत आहेत. अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन मोसद्देक यांना भेटले आणि इथे अमेरिकन नागरिक सुरक्षित नाहीत, अशी तक्रार त्यांनी केली. मोसद्देक यांनी पोलिसांना रस्ते मोकळे करायला सांगितले. त्यांच्या बाजूचे लोक घरी बसले.

१९ ऑगस्टच्या सकाळी, इराणी पंचांगाप्रमाणे २८ मोर्दादला, दक्षिण तेहरानच्या बाजारभागातून गर्दी निघाली. तिच्यात तालमीतले पहिलवान होते, दादा होते, पैसे घेतलेले होते, तसेच महागाईला आणि अनिश्चिततेला खरोखर वैतागलेले, शहांवर निष्ठा असलेले आणि धर्मगुरूंनी सांगितले म्हणून आलेले लोकही होते. दुपारपर्यंत सैनिक आणि रणगाडे त्यांना मिळाले. झाहेदी बाहेर आले, रेडिओ केंद्र हाती आले. संध्याकाळी मोसद्देक यांच्या घरावर हल्ला झाला. ते भिंत ओलांडून शेजारी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाले. त्या दिवसात दोनशे ते तीनशे माणसे मेली.

त्या गर्दीत परक्या पैशाचा वाटा किती आणि घरच्या रागाचा किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. एक टोक सगळे श्रेय सीआयएला देते, दुसरे सगळे काशानींसारख्या धर्मगुरूंना आणि लष्कराला. कागदपत्रे मात्र दोन्हींना आधार देतात. बाहेरून आलेला पैसा आणि योजना नसती, तर मधल्या फळीतल्या नाराज लोकांनी एकाच दिवशी, एकाच दिशेने चालायला सुरुवात केली नसती. आणि ती नाराजी आधीपासून नसती, तर १० लाख डॉलरांत एखादे वर्तमानपत्र विकत घेता आले असते, सरकार नव्हे.

कोणाला काय मिळाले

मोसद्देक यांना लष्करी न्यायालयाने तीन वर्षे एकांतवासाची शिक्षा दिली. ती संपल्यावर ते आपल्या अहमदाबाद या गावी नजरकैदेत राहिले आणि ५ मार्च १९६७ रोजी तेहरानमध्ये वारले. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना नोव्हेंबर १९५४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

अमेरिकेने झाहेदी सरकारला लगेच ४ कोटी ५० लाख डॉलरची मदत दिली. १९५४ मध्ये तेलाचा नवा करार झाला. नफा इराणशी निम्मा-निम्मा, पण उत्पादन आणि विक्री परदेशी कंपन्यांच्या संघाकडे. त्यात पूर्वीच्या अँग्लो-इराणियनला, म्हणजे आता ब्रिटिश पेट्रोलियम नाव घेतलेल्या कंपनीला, ४० टक्के. अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के. शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६ टक्के. ज्या तेलक्षेत्रात ब्रिटनची मक्तेदारी होती, तिथे अमेरिका बरोबरीची भागीदार झाली. पश्चिम आशियातले सत्तेचे आसन लंडनहून वॉशिंग्टनकडे सरकत होते, त्याची या वाटणीतून अधिकृत नोंद झाली.

जागतिक सत्तासमतोलाच्या दृष्टीने अमेरिकेचा फायदा काल्पनिक नव्हता. १९५५ मध्ये इराण बगदाद करारात सामील झाला; सोव्हिएत संघाच्या दक्षिण सीमेला लागून तुर्कस्तानापासून पाकिस्तानापर्यंत मित्रदेशांची रांग उभी राहिली. उत्तर इराणमधल्या बेहशहर आणि कबकान इथल्या केंद्रांतून सोव्हिएत क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवता येऊ लागले. मे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन तेहरानला आले, तेव्हा त्यांनी शहांना अण्वस्त्रे सोडून हवी ती शस्त्रे विकत घ्यायची मोकळीक दिली. पंचवीस वर्षे ही व्यवस्था टिकली.

ग्वातेमालापासून क्यूबापर्यंत

इतक्या कमी पैशांत, स्वतःचा एकही सैनिक न गमावता एवढे साधले, हे पाहून वॉशिंग्टनला हा मार्ग आवडला. कर्मिट रूझवेल्ट यांनी नंतर लिहिले आहे, की आपण परत जाऊन फॉस्टर डलेस यांना बजावले होते : तिथले लोक आणि तिथले सैन्य यांना तुम्हाला हवे तेच हवे असेल, तरच असे काम करावे. डलेस यांचे लक्ष त्याकडे नव्हते. पुढची कामगिरी देऊ केली, तेव्हा रूझवेल्ट यांनी ती नाकारली.

ती कामगिरी ग्वातेमालाची होती. तिथले निवडून आलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी १९५२ मध्ये जमीनसुधारणा आणली आणि युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेतली. जून १९५४ मध्ये, तेहराननंतर दहा महिन्यांत, त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९६० ते १९९६ त्या देशात यादवी चालली. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाख. एप्रिल १९६१ मध्ये हाच नुसखा क्यूबात लावला गेला. बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित उतरले. त्यांना पाहून देश उठेल, सैन्य फुटेल, ही अपेक्षा होती. कास्त्रोंचे सैन्य फुटले नाही आणि तीन दिवसांत सगळे संपले. घाबरलेल्या क्यूबाने सोव्हिएत संघाचा आसरा आणखी घट्ट धरला. पुढच्याच वर्षी तिथे सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली.

लिंडसे ओ’रूर्क या अमेरिकन अभ्यासिकेने मोजणी केली आहे. १९४७ ते १९८९ या शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने परदेशी सरकारे बदलण्याचे ६४ गुप्त आणि ६ उघड प्रयत्न केले. गुप्त प्रयत्नांतले निम्म्याहून अधिक फसले. सोव्हिएत संघ या बाबतीत मागे नव्हता. त्याची रीत निराळी होती. तो बहुधा गर्दी विकत घेत नसे, रणगाडे पाठवत असे : १९५६ मध्ये बुडापेस्टला, १९६८ मध्ये प्रागला. २७ डिसेंबर १९७९ च्या रात्री सोव्हिएत कमांडोंनी काबूलच्या ताजबेग राजवाड्यात घुसून अध्यक्ष हफीझुल्ला अमीन यांना ठार केले आणि बाब्राक कारमल यांना बसवले. कम्युनिस्ट अध्यक्षाला मारून दुसरा कम्युनिस्ट अध्यक्ष आणण्याचा हा बेत काही तासांत पार पडला. त्यातून बाहेर पडायला मॉस्कोला नऊ वर्षे लागली.

बाहेरून लोकशाही आणता येते, असे म्हणणारे जर्मनी आणि जपानकडे बोट दाखवतात. ती उदाहरणे खरी आहेत, पण तिथली परिस्थिती पाहावी लागते. दोन्ही देशांना महायुद्धाआधी निवडणुका, पक्ष आणि संसदेचा अनुभव होता. शिकलेला नोकरवर्ग आणि कारखानदारी होती. जुन्या राजवटीचा पराभव इतका पुरा होता, की तिच्या बाजूने लढायला कोणी उरले नव्हते. विजेत्यांनी वर्षानुवर्षे उघडपणे कारभार सांभाळला, जबाबदारी घेतली, पैसा ओतला. तेहरानच्या बेतात यातले काहीच नव्हते. तिथे तर संसदेचा अनुभव असलेल्या देशातून संसदेचा जोर काढून घेतला गेला.

बंद झालेले रस्ते

शहांनी परत आल्यावर संसदेची ही रिकामी जागा स्वतः भरली. १९५७ मध्ये सावाक ही गुप्त पोलीस संघटना स्थापन झाली. तुदेह चिरडला गेला, राष्ट्रीय आघाडी निष्प्रभ झाली, मजलिस नावापुरती राहिली. मार्च १९७५ मध्ये शहांनी उरलेसुरले पक्षही बंद करून रस्ताखिझ हा एकच पक्ष ठेवला. तेलाच्या पैशाने रस्ते, शाळा, कारखाने झाले, स्त्रियांना मताधिकार मिळाला. पण ज्या मतपेटीत ते मत टाकायचे, तिच्यातून पंतप्रधान बदलत नव्हता. तक्रार मांडायला पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही, संसद नाही. मशिदींवर मात्र शहांना कुलूप लावता येत नव्हते. १९६४ मध्ये अमेरिकन लष्करी माणसांना इराणी न्यायालयांतून सूट देणाऱ्या कायद्यावर रुहोल्ला खोमेनी यांनी जळजळीत भाषण केले, तेव्हा त्यांना देशाबाहेर काढले गेले. त्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती पुढे मशिदींच्या वाटेनेच देशभर फिरल्या.

१६ जानेवारी १९७९ रोजी शहा पुन्हा देशाबाहेर गेले, या वेळी कायमचे. ऑक्टोबरमध्ये उपचारांसाठी त्यांना अमेरिकेत प्रवेश मिळाला. तेहरानमध्ये त्याचा अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही : १९५३ मध्ये शहा रोमहून परतले होते, आता न्यूयॉर्कहून परततील. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. त्या वर्षी सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर कान ठेवणारी केंद्रे गेली, बगदाद करारातून उरलेली सेंटो संघटना विसर्जित झाली. १९५३ मध्ये समतोलाच्या ज्या पारड्यात इराण टाकला होता, तो त्यातून निघून गेला आणि अमेरिकेचा कट्टर विरोधक झाला.

मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडेलीन ऑलब्राइट यांनी अमेरिकेचा या सत्तापालटात मोठा वाटा होता, हे मान्य केले. २०१३ मध्ये सीआयएच्या अंतर्गत इतिहासातली तशी कबुली खुली झाली, २०१७ मध्ये परराष्ट्रखात्याचा कागदपत्रांचा खंड निघाला.

इराणच्या इस्लामी राजवटीला मोसद्देक उपयोगाचेही आहेत आणि अडचणीचेही. मार्च १९७९ मध्ये, क्रांतीनंतर काही आठवड्यांत, त्यांच्या पुण्यतिथीला अहमदाबादला प्रचंड जनसमुदाय लोटला. तेहरानच्या लांबलचक पहलवी रस्त्याला मोसद्देक यांचे नाव मिळाले. दोन वर्षांत तेही पुसले गेले आणि रस्ता वली-ए-अस्र झाला, कारण काशानींच्या वारसांना धर्मगुरूंच्या मर्जीबाहेर चालणारा संसदवादी नेता आदर्श म्हणून नको होता. २८ मोर्दादचा वापर मात्र चालूच राहिला. जून २००९ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर लाखो लोक आपल्या मताचा हिशेब मागत रस्त्यावर आले. ऑगस्टमध्ये तेहरानच्या न्यायालयात शंभराहून अधिक लोकांवर सामूहिक खटला सुरू झाला. आरोपींत माजी मंत्री, पत्रकार आणि प्राध्यापक होते, आणि आरोपपत्रात त्यांच्यावर ठपका होता, की परक्यांच्या मदतीने त्यांनी मखमली सत्तापालट घडवायचा घाट घातला होता.